नावाआधी ट्रान्सफॉर्मर

भोपाळचं हबीबगंज स्टेशन नोव्हेंबर २०२१मध्ये राणी कमलापती स्टेशन झालं आणि त्याचं रूपडंही पालटलं. आसपासच्या वस्तीचा पत्ता सांगताना मात्र रिक्षावाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळे अजून हबीबगंजच म्हणतात. रुळांच्या एका अंगाला अरेरा कॉलनी. दुसऱ्या अंगाला साकेत नगर, आणि त्याच्या पलीकडे बरखेडा, पिपलानी, गोविंदपुरा असा ‘भेल’चा, म्हणजे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा, पसारा. ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ या नावानं १९५६मध्ये इथं सरकारी कंपनी स्थापन झाली. तंत्रज्ञान होतं ब्रिटनच्या एईआय समूहाचं. पुढे हा कारखाना ‘भेल’मध्ये विलीन झाला. वीजकेंद्रांना आणि उपकेंद्रांना लागणारे अवाढव्य ट्रान्सफॉर्मर हे त्याच्या मुख्य उत्पादनांपैकी एक.

जुना स्टिरिओ पॉवर अ‍ॅम्प्लिफायर विकत घ्यायची हुक्की आलेल्या माणसानं अशा गावात राहणं सोयीचं आहे. कारण या यंत्रातली चाळीस-पन्नास वर्षं सहज टिकणारी आणि बिघडली तर सर्वांत महाग पडणारी वस्तू ट्रान्सफॉर्मरच असते. बाकीचे बहुतेक भाग बदलता येतात. म्हणजे जुना अ‍ॅम्प्लिफायर घेणारा खरं तर एक चांगला ट्रान्सफॉर्मर, अ‍ॅल्युमिनियमचा जाड हीटसिंक आणि लोखंडी डबा घेत असतो. पुढच्या पट्टीवरचं नाव त्यानंतर येतं. बाजारात मात्र उलटं चालतं. आधी नाव, मग वॉट, मग चकाकी; आणि ट्रान्सफॉर्मरकडे लक्ष जातं ते खोकं उचलताना पाठीत उसण भरल्यावर.

असं यंत्र भोपाळमध्ये मिळेल का, हा पहिला प्रश्न. १ नोव्हेंबर १९५६ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं, तेव्हा जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर मुंबई राज्यात गेली आणि नव्या राज्याचं बिऱ्हाड भोपाळला थाटलं गेलं. नागपूरच्या सचिवालयातले किती तरी मराठी कर्मचारी फायलींबरोबर इकडे आले. ग्वाल्हेर आणि इंदूरकडची मराठी घराणी त्यांना येऊन मिळाली. त्याच वर्षी भोपाळला आकाशवाणी केंद्र सुरू झालं. देवासला कुमार गंधर्व राहत होते. १९८१मध्ये भोपाळात ध्रुपद केंद्र उभं राहिलं, १९८२मध्ये भारत भवन. ऐकणाऱ्यांचं हे गाव आहे. त्यामुळे अरेरा कॉलनीतल्या जुन्या बंगल्यांत रेकॉर्डी आणि त्या वाजवणारी सामग्री निघणं नवलाचं नाही. मात्र त्यात स्वतंत्र पॉवर अ‍ॅम्प्लिफायर क्वचितच निघतो. निघतात ते रेडिओग्राम, म्युझिक सिस्टिम आणि इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर.

हा फरक आधी नीट समजून घ्यायला हवा, कारण फसगतीची सुरुवात इथूनच होते. इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आवाजाची मूठ, बास-ट्रेबल, कोणता स्रोत ऐकायचा त्याचा खटका आणि स्पीकर हलवणारी ताकद हे सगळं एकाच डब्यात असतं. पॉवर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये फक्त शेवटची गोष्ट. त्याच्यावर बहुधा व्हॉल्यूमची मूठच नसते. त्याच्या आधी प्रीअ‍ॅम्प्लिफायर लागतो. तो नसताना सीडी प्लेअर थेट जोडला, तर आवाज एकदम पूर्ण ताकदीनं येतो आणि तालाच्या पहिल्याच ठोक्याला स्पीकरची कॉइल जाऊ शकते.

दुसरी फसगत सार्वजनिक सभांच्या अ‍ॅम्प्लिफायरची. गणेश मंडळं, शाळा, मंगल कार्यालयं यांच्याकडून निवृत्त झालेले अ‍ॅम्प्लिफायर जुन्या बाजारात ‘व्हिंटेज’ म्हणून मांडले जातात. दिल्लीची अहुजा कंपनी १९४० सालापासून या क्षेत्रात आहे, आणि तिची यंत्रं दणकट असतात याबद्दल वाद नाही. पण त्यांचं काम वेगळं. एक चॅनेल, माइकसाठीचे इनपुट आणि लांबवर ओढलेल्या वायरींवरून कर्णे वाजवण्यासाठी १०० व्होल्टची लाइन. दिवाणखान्यात दोन स्पीकर ठेवून मालकंस ऐकायला त्याचा उपयोग नाही. तसाच डीजेवाल्यांचा अ‍ॅम्प्लिफायर. त्याला वॉट पुष्कळ असतात; पण आतला पंखा आलापाच्या वेळी घोंघावत राहतो.

वॉटची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९९०च्या दशकात भारतातल्या कित्येक टेपरेकॉर्डरांवर ‘पीएमपीओ’ असं लिहिलेली एक चंदेरी चिकटपट्टी असे आणि तिच्यावर शेकड्यांतला, कधी हजारांतला आकडा. त्या मोजमापाला कोणतंही मान्य प्रमाण नव्हतं. बारा व्होल्ट, एक अँपिअरच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारं यंत्र बारा वॉटपेक्षा जास्त ताकद सतत देऊ शकत नाही, हे शाळेतलं गणित त्या चिकटपट्टीला ठाऊक नसे. अमेरिकेत हाच घोळ वीस-तीस वर्षं आधी झाला होता. तिथं ‘म्युझिक पॉवर’, ‘पीक पॉवर’ अशी निरनिराळी नावं देऊन आकडे फुगवले जात. शेवटी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं नियम केला आणि नोव्हेंबर १९७४पासून तो लागू झाला. घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या जाहिरातीत ताकद सांगायची, तर ती प्रत्येक चॅनेलची, सतत देता येणारी, किती ओहमच्या भारावर, कोणत्या कंपनसंख्यांच्या टप्प्यात आणि किती विकृतीसह, हे सगळं सांगायचं.

त्या नियमात एक खोच होती, आणि जुनं यंत्र घेणाऱ्याला ती आजही उपयोगी पडते. मोजणी करण्याआधी यंत्र आपल्या ताकदीच्या एक तृतीयांशावर तासभर चालवायचं. वाटतं, एक तृतीयांश म्हणजे आराम. पण नेहमीच्या पद्धतीच्या, म्हणजे क्लास बी प्रकारच्या, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टर सर्वाधिक तापतात ते पूर्ण ताकदीवर नव्हे, तर सुमारे ४० टक्के ताकदीच्या आसपास. पूर्ण ताकदीवर बरीचशी ऊर्जा स्पीकरकडे जाते. मधल्या टप्प्यावर तिचा मोठा हिस्सा ट्रान्झिस्टरमध्येच उष्णता बनून राहतो. म्हणजे ही तासाभराची परीक्षा सर्वांत कठीण जागेवर घेतली जात होती. निर्मात्यांनी कुरकुर केली. पण पर्याय दोनच होते: आकडा कमी सांगा किंवा हीटसिंक आणि ट्रान्सफॉर्मर मोठे करा. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातली अमेरिकी बाजारासाठीची जपानी यंत्रं इतकी जड का, याचं एक कारण इथं सापडतं. १९७८चा पायोनियरचा एसएक्स-१९८० हा रिसीव्हर प्रत्येक चॅनेलला २७० वॉट देई आणि त्याचं वजन होतं पस्तीस किलोंच्या घरात.

एवढे वॉट लागतात का? बहुतेकांना नाही. ताकद दुप्पट केली, की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. तेव्हा ४५ वॉटच्या यंत्राऐवजी ९० वॉटचं घेण्यात पैसे जितके जास्त जातात, तितका फरक ऐकू येत नाही. फ्लॅटमधल्या मध्यम आकाराच्या खोलीत साधारण संवेदनशीलतेचे स्पीकर बहुतेक वेळ एखाद-दोन वॉटवर गात असतात. उरलेली ताकद लागते ती तबल्याच्या थापेला, पखवाजाच्या बोलाला, एखाद्या क्षणापुरती.

आता प्रत्यक्ष यंत्रांकडे. जुन्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरची चर्चा ब्रिटनच्या क्वाडशिवाय पुरी होत नाही. पीटर वॉकर यांनी १९३६मध्ये ही कंपनी सुरू केली आणि नंतर ती हंटिंग्डनला स्थिरावली. १९६७मध्ये त्यांनी क्वाड ३०३ बाजारात आणला. आठ ओहमला ४५ वॉट, वजन आठ किलोंच्या आसपास, दिसायला बसकं आणि करडं. त्यात दोन गोष्टी अशा आहेत, की भोपाळच्या विजेवर तो इतर अनेकांपेक्षा निवांत राहावा. एक म्हणजे त्याचा वीजपुरवठा रेग्युलेटेड आहे: भिंतीतला व्होल्टेज वर-खाली झाला, तरी आतला डीसी व्होल्टेज जवळपास स्थिर राहतो. दुसरी म्हणजे ट्रान्झिस्टर आणि स्पीकर यांच्यामध्ये एक मोठा कपॅसिटर आहे. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर सरळ प्रवाह स्पीकरकडे जाऊन कॉइल जाळतो, हा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा सर्वांत घातक रोग. त्या कपॅसिटरमुळे तो वाटेतच अडतो. पुढच्या काळातल्या बहुतेक यंत्रांनी हा कपॅसिटर काढून टाकला. आवाजाच्या दृष्टीनं त्यांच्याकडे कारणं होती. पण अनोळखी माणसाकडून पन्नास वर्षांचं यंत्र घेताना तो कपॅसिटर असणं म्हणजे रात्रीची झोप.

१९७५मध्ये क्वाड ४०५ आला. शंभर वॉट आणि ‘करंट डंपिंग’ नावाची नवी रचना. वॉकर आणि मायकेल अ‍ॅल्बिनसन यांनी मांडलेली कल्पना अशी: छोटा पण अतिशय अचूक अ‍ॅम्प्लिफायर आवाजाची काळजी घेईल, आणि त्याच्या जोडीला राकट, ताकदवान ट्रान्झिस्टर ओझं वाहतील. त्या हमालांच्या चुका छोटा अ‍ॅम्प्लिफायर पुलासारख्या जोडणीतून भरून काढतो. जुनं यंत्र घेणाऱ्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की या रचनेत आउटपुट ट्रान्झिस्टरचा बायस, म्हणजे संकेत नसतानाही त्यांतून वाहणारा किंचित प्रवाह, जुळवावाच लागत नाही. इतर यंत्रांत हा बायस एका इवल्याशा फिरत्या रेझिस्टरवर अवलंबून असतो. काळानुसार तो सरकतो आणि यंत्र एक तर भाजून निघतं किंवा खरखरीत गातं. ४०५मध्ये हा प्रश्नच नाही.

अडचणी वेगळ्याच आहेत. ३०३ आणि ४०५ दोन्हींना मागे आजच्या आरसीए पिनांऐवजी डिन सॉकेट असतं, म्हणजे खास केबल करून घ्यावी लागते. शिवाय अर्ध्या व्होल्टच्या संकेतावरच ते पूर्ण ताकद देतात, आणि सीडी प्लेअर देतो दोन व्होल्ट. परिणाम असा, की प्रीअ‍ॅम्प्लिफायरची मूठ घड्याळातल्या आठ-नऊच्या खुणेपुढे नेताच येत नाही. मधे दोन रेझिस्टरचा साधा विभाजक घातला, की हे सुटतं. खर्च नगण्य. पण ठाऊक नसेल, तर माणूस चांगलं यंत्र ‘आवाज फार चिरका आहे’ म्हणून परत विकतो.

व्हॉल्व्हच्या मोहात पडणाऱ्यांसाठी अमेरिकेचं डायनाको एसटी-७० हे उदाहरण. डेव्हिड हॅफ्लर यांच्या कंपनीनं १९५९मध्ये ते आणलं. दोन चॅनेल, प्रत्येकी ३५ वॉट, चार ईएल३४ व्हॉल्व्ह. तयार यंत्र मिळे आणि सुटे भागही मिळत. घरी बसून सोल्डर करायचं. लाखोंनी खपलं. ईएल३४ आजही तयार होतात, स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये. मात्र ड्रायव्हर म्हणून वापरलेला ७१९९ हा व्हॉल्व्ह आता दुर्मीळ झाल्यामुळे अनेकांनी आतलं बोर्डच बदललेलं असतं. हे वाईट नव्हे. विचारून घ्यावं, एवढंच. पाहायचे ते तीन ट्रान्सफॉर्मर: एक विजेचा आणि दोन आउटपुटचे. विजेचा ट्रान्सफॉर्मर या यंत्रात पहिल्यापासूनच गरम चालतो. तो जळाला, तर चांगल्या वाइंडिंगवाल्याकडून पुन्हा गुंडाळून घेता येतो; हबीबगंजहून गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत गेलं, तर असं काम समजणारे लोक भेटायची शक्यता मोठ्या शहरांइतकीच आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं तसं नाही. त्यात प्रायमरी आणि सेकंडरीचे थर एकाआड एक, ठरावीक क्रमानं गुंडाळलेले असतात, आणि उंच स्वरांचं भवितव्य त्या क्रमावर ठरतं. मोटर गुंडाळणाऱ्याचा हात तिथं चालत नाही.

भारतीय यंत्रांकडे मात्र उगाच नाक मुरडलं जातं. कोलकात्याची सोनोडाइन, मुंबईची कॉस्मिक, दिल्लीची नॉर्ज ही नावं सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या मध्यमवर्गीय घरांत मानाची होती. आयातीवर बंधनं होती आणि आखाती देशांतून परतणारा नातेवाईक सगळ्यांनाच नव्हता. या यंत्रांचा मोठा गुण असा, की ती इथल्या विजेसाठी आणि इथल्या सुट्या भागांवर बांधली गेली. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६०च्या दशकाच्या आरंभी व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर बनवायला सुरुवात केली, आणि तिचा २एन३०५५ हा धातूच्या टोपीतला ट्रान्झिस्टर पुढे देशभरच्या अ‍ॅम्प्लिफायरांत आणि हौशी मंडळींच्या पाटांवर दिसू लागला. अशा यंत्रात काही जळलं, तर दुरुस्ती करणाऱ्याला परदेशी कॅटलॉग चाळावा लागत नाही.

नावाची गोष्ट निघाली आहे, तर सान्सुईची सांगायला हवी. १९४७मध्ये जपानात ही कंपनी सुरू झाली ती रेडिओचे ट्रान्सफॉर्मर बनवण्यासाठी. अ‍ॅम्प्लिफायर नंतर आले, आणि सत्तरच्या दशकातल्या तिच्या यंत्रांची कीर्ती त्या ट्रान्सफॉर्मरच्या जोरावरच उभी आहे. पुढे भारतात याच नावाखाली व्हिडिओकॉननं टीव्ही आणि घरगुती उपकरणं विकली. तेव्हा जाहिरातीत ‘जुनं सान्सुई’ असं वाचून उडी मारण्याआधी मागच्या पट्टीवर कुठं बनलं आणि किती व्होल्टचं आहे, हे वाचणं शहाणपणाचं.

ती व्होल्टची पट्टी फार महत्त्वाची आहे. जपानमधली घरगुती यंत्रं १०० व्होल्टची, अमेरिकेतली १२०ची, ब्रिटनमधली २४०ची, आपल्याकडे २३०. शंभर व्होल्टचं यंत्र थेट भिंतीत लावलं, तर पुढची हकिकत अर्ध्या सेकंदात संपते. मधे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घालायचा, तर बाजारात सर्रास मिळतो तो ११०चा. भिंतीत रात्री २४५ व्होल्ट आले, की तो ११७ देतो, आणि जपानी यंत्राला सतरा टक्के जास्तीचा मारा बसतो. आतल्या कपॅसिटरवर ६३ व्होल्टची मर्यादा छापलेली असेल आणि मुळात ५८ व्होल्ट येत असतील, तर ते ६८वर जातात. यंत्र त्या दिवशी मरत नाही, वर्षभरात मरतं. म्हणून जपानी यंत्रासाठी १०० व्होल्टचाच ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यावा.

कंपनसंख्येचं त्रांगडं तर बहुतेकांच्या गावीही नसतं. अमेरिकेची वीज ६० हर्ट्‌झची, आपली ५०ची. तोच व्होल्टेज कमी हर्ट्‌झवर दिला, की ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यातलं चुंबकीय प्रवाहाचं प्रमाण वाढतं, इथं वीस टक्क्यांनी. निर्मात्यानं लोखंडात काटकसर केलेली असेल, तर पत्रा संपृक्त होतो, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. फक्त ‘६० हर्ट्‌झ’ लिहिलेलं अमेरिकी यंत्र त्यामुळे विचार करून घ्यावं. जपानी यंत्रांना ही अडचण सहसा येत नाही, कारण त्या देशातच टोकियोकडे ५० आणि ओसाकाकडे ६० हर्ट्‌झ वीज आहे. दोन्हींवर चालणारं यंत्र बनवण्यावाचून तिथल्या कंपन्यांना गत्यंतर नव्हतं. पिपलानीतल्या कोणत्याही निवृत्त ट्रान्सफॉर्मर इंजिनिअरला हे विचारलं, तर तो कागदावर दोन ओळींत सूत्र लिहून देईल.

म्हातारपण सगळ्यात आधी कुठं दिसतं? इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये. जुने रेडिओ मेकॅनिक त्याला कंडेन्सरच म्हणतात. अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात ओलसर रसायनानं भिजलेला कागद असतो आणि तो वर्षानुवर्षं सुकत जातो. तापमान दहा अंशांनी कमी झालं, की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं आणि वाढलं, की निम्मं. मे महिन्यात पारा ४२च्या पुढे जाणाऱ्या भोपाळमध्ये, बंद लाकडी कपाटात, सतत गरम राहणाऱ्या क्लास ए अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात त्या कपॅसिटरची काय गत होत असेल, याचा अंदाज करता येतो. क्लास ए हे श्रीमंतांचं, किंवा निदान थंड गावच्या लोकांचं व्यसन आहे.

पण कपॅसिटर म्हातारे झाले म्हणून यंत्र टाकाऊ होत नाही. मोठे, स्क्रूच्या टोकांचे कपॅसिटर बनवणारी अल्कॉन ही कंपनी नाशिकची आहे. केरळात केल्ट्रॉन आहे. कपॅसिटर बदलणं हा खर्च आहे, संकट नव्हे, आणि किंमत ठरवताना तो आधीच वजा करावा. ‘सगळे कपॅसिटर ओरिजिनल आहेत’ असं विक्रेता अभिमानानं सांगतो, तेव्हा घेणाऱ्यानं मनातल्या मनात बिल वाढवावं.

ट्रान्झिस्टरचं प्रकरण जास्त नाजूक आहे. जुन्या जपानी आउटपुट ट्रान्झिस्टरचे कित्येक प्रकार बनणं बंद झालं, आणि त्यांच्या जागी नाव खरवडून पुन्हा छापलेले नकली ट्रान्झिस्टर बाजारात फिरू लागले. वरून टोपी तीच. आत सिलिकॉनचा तुकडा मात्र नखाएवढा असायच्या जागी तांदळाएवढा. कमी आवाजात तो चांगला वाजतो आणि लग्नाच्या वाढदिवशी जातो. म्हणून झाकण उघडून पाहण्याचा आग्रह धरावा. दोन्ही चॅनेलचे ट्रान्झिस्टर एकाच बनावटीचे, एकाच जुनेपणाचे आहेत का? एका बाजूचे चकचकीत आणि दुसरीकडचे काळवंडलेले असतील, तर चकचकीत बाजू एकदा जळून गेलेली आहे. त्यात गैर काही नाही. फक्त दुरुस्ती कोणी आणि कशी केली, हे सोल्डरवरून वाचता येतं. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या आहेत का, बोर्डावर तपकिरी डाग आहेत का, हीटसिंकवरची पांढरी पेस्ट सुकून भुगा झाली आहे का, हे सगळं पाच मिनिटांत दिसतं. झाकण उघडू न देणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून निघावं.

आवाजाबद्दल विक्रेते जे सांगतात, त्यातलं बरंच कविता म्हणून ऐकावं. ‘व्हॉल्व्हची ऊब’ आणि ‘ट्रान्झिस्टरचा कोरडेपणा’ यांवर वाद घालणाऱ्यांसाठी क्वाडनंच १९७८मध्ये एक चाचणी घडवून आणली होती. ध्वनितज्ज्ञ जेम्स मॉयर यांच्याकडे ती सोपवली होती. कंपनीचा १९५३चा व्हॉल्व्हवाला क्वाड टू, १९६७चा ३०३ आणि १९७५चा ४०५ हे तिन्ही, कोणता कधी वाजतोय हे न सांगता, जाणत्या श्रोत्यांना ऐकवले. निकाल असा, की त्यांना फरक ओळखता आल्याचं आकडेवारीनं सिद्ध होईना. सात वर्षांनी अमेरिकेत बॉब कार्व्हर यांनी ‘स्टिरिओफाइल’ मासिकाशी पैज लावली. मासिकानं निवडलेल्या महागड्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज आपण आपल्या स्वस्त ट्रान्झिस्टर यंत्रात हुबेहूब उतरवू, असा त्यांचा दावा होता. हॉटेलच्या खोलीत सोल्डरगन घेऊन बसून त्यांनी दोन्ही यंत्रांच्या संकेतांतला फरक जवळजवळ शून्यावर आणला, आणि परीक्षकांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. यावरून सगळे अ‍ॅम्प्लिफायर सारखेच, असा निष्कर्ष काढणं चूक. बिघडलेला, बायस सरकलेला, जड स्पीकरपुढे दमलेला अ‍ॅम्प्लिफायर वेगळा वाजतोच. पण नीट चाललेल्या दोन यंत्रांमध्ये नावाच्या फरकासाठी तिप्पट पैसे मोजताना ही दोन उदाहरणं आठवायला हरकत नाही.

भोपाळमध्ये हवं ते मिळालं नाही, तर हबीबगंजचा माणूस मधोमध बसला आहे. शताब्दीनं किंवा वंदे भारतनं दिल्लीला जाता येतं; तिथं लाल किल्ल्यासमोर लाजपतराय मार्केट. मुंबईकडे गेलं, तर सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड, आणि जुन्या यंत्रांसाठी चोरबाजारातली मटन स्ट्रीट. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार. परदेशातून वापरलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणं मागवण्यावर आपल्याकडे निर्बंध आहेत. तेव्हा ‘बाहेरून आणून देतो’ म्हणणाऱ्याला कागद आधी विचारावेत.

जाताना पिशवीत एक मल्टीमीटर आणि एक सिरीज बोर्ड असावा. सिरीज बोर्ड म्हणजे यंत्राच्या वाटेत जोडलेला शंभर वॉटचा तारेचा बल्ब. एलईडी चालत नाही. यंत्र सुरू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर कपॅसिटर भरले आणि शॉर्ट नाही. भगभगीत पेटूनच राहिला, तर आत काही तरी शॉर्ट आहे आणि बल्बनं यंत्र वाचवलं. वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र एकदम पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणं हा सुकलेल्या कपॅसिटरचा जीव घ्यायचा खात्रीचा उपाय आहे. जवळ डिमरस्टॅट असेल, तर व्होल्टेज तासा-दोन तासांत हळूहळू वर न्यावा. मग बल्ब काढून, स्पीकर न जोडता, दोन्ही चॅनेलच्या आउटपुटवर डीसी मोजावा. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल, तर उत्तम. शंभरच्या पुढे गेला, तर किंमत उतरवावी. पूर्ण एक-दोन व्होल्ट दिसले, तर त्या यंत्राला स्पीकर लावायचाच नाही. व्हॉल्व्हच्या यंत्राचा नियम मात्र बरोबर उलटा: भार जोडल्याशिवाय त्याला संकेत द्यायचा नाही, नाही तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचाच बळी जातो. त्याच्या आत चारशेहून अधिक व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ कपॅसिटरमध्ये साठून राहतात, म्हणून झाकणाखाली हात घालणं जाणत्यावरच सोपवावं.

यानंतर स्वस्तातले, गेले तरी चालतील असे स्पीकर जोडून अर्धा तास गाणं लावावं. सुरुवातीला एक बाजू गप्प असेल आणि आवाज वाढवल्यावर एकदम बोलू लागली, तर दोष बहुधा स्पीकर रिलेच्या काळ्या पडलेल्या टोकांचा; हा किरकोळ रोग आहे. दोन्ही बाजूंनी सारखी घरघर येत असेल, तर कपॅसिटर. ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणत असेल आणि हात ठेववत नाही इतका तापत असेल, तर वॉट कितीही असोत आणि नाव कितीही मोठं असो, सौदा तिथंच सोडावा.

घेतलाच, तर पॅकिंग स्वतः करावं. दहा-पंधरा किलोंच्या यंत्रातलं बहुतेक वजन एका कोपऱ्यात, ट्रान्सफॉर्मरपाशी असतं. पार्सलवाल्यानं खोकं एकदा आपटलं, की ट्रान्सफॉर्मर आपल्या बोल्टांवरून पत्रा वाकवतो आणि शेजारचं बोर्ड तडकतं. रेल्वेनं येणार असाल, तर ते सरळ आपल्या सीटखाली ठेवावं, ट्रान्सफॉर्मरची बाजू खाली आणि डब्याच्या भिंतीला टेकवून.